घाईचा खिमा

आमच्या घरचा खिमा पंचवीस मिनिटांत होतो. त्याला कुकर लागत नाही की झाकण लागत नाही. लोखंडी कढईतून धूर निघायला लागला की तेल, ठेचलेलं आलं-लसूण, हिरवी मिरची, आणि मग खिमा. मोठ्या आचेवर तो परतत राहायचा. पाणी सुटून आटलं की काळा मसाला, मीठ आणि शेवटी बारीक चिरलेल्या भाज्या. फरसबी, गाजर, कोबी, ढोबळी मिरची, घरात असेल ते. भाजी दाताखाली कचकच वाजते आहे तोवरच कढई उतरवायची. माझा नातू प्रज्ञेश याला ‘आजीचं चायनीज’ म्हणतो.

ही कृती मी हौसेने शोधलेली नाही. बिबवेवाडीत आम्ही एका खोलीत भाड्याने राहायचो, तिथे ती तयार झाली. घरमालकीण वाईट बाई नव्हती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, “कांताबाई, तुम्ही बाहेर काय खाता ते मी विचारणार नाही. माझ्या घरात ते शिजायला नको, एवढंच.” ती दर गुरुवारी सातला आरतीला जायची आणि सव्वाआठला परत यायची. तेवढ्या वेळात खिमा करायचा, पाच जणांनी जेवायचं, कढई घासायची. हाडका-बिडकांचा प्रश्न नको म्हणून नेहमी खिमाच. कुकरची शिट्टी शेजारी ऐकू जाते आणि मटण शिजायला वेळ घेतं. खिम्याला तसं काही नाही. भाज्या घालायच्या त्या खिमा पुरवठ्याला यावा म्हणून. खिडकी घट्ट लावून घ्यायची आणि शेवटी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे दोन-तीन उदबत्त्या.

एकदा ती जिन्यात मला म्हणाली, “कांताबाई, गुरुवारी तुमच्याकडे उदबत्त्या फार जळतात हो.”

“आमची वंदना असते,” मी म्हणाले.

“असते ना. तुमच्या वंदनेला लसणाचा वास येतो.”

एवढं बोलून ती वर गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा सातला आरतीला गेली. तिला कळलं होतं आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. त्यावर आम्ही अकरा वर्षं काढली.

आता मी हडपसरला प्रज्ञेशच्या फ्लॅटवर असते. मुलगा आणि सून दौंडला आहेत, माझ्या गुडघ्याचे उपचार इथे चालतात म्हणून मी इकडे. घरात आम्ही तिघं. मी, प्रज्ञेश आणि त्याची बायको तनुजा. तनुजा लोणी काळभोरची, शेतकरी घरातली. दोघं एकाच कॉलेजात होते. लग्नाला तिची आई आली, वडील आले नाहीत. पोरगी स्वभावाने सरळ आहे. लग्नाआधी तिने प्रज्ञेशला एकच विचारलं होतं, तुमच्याकडे मोठ्याचं खातात का. म्हशीच्या मटणाला आमच्यात मोठ्याचं म्हणतात, बकऱ्याच्या मटणाला लहान्याचं. तिच्या घरी बकरं, कोंबडी सगळं चालतं, मोठ्याचं मात्र नाव काढायचं नाही. प्रज्ञेशने तिला सांगितलं, “आजोबा होते तेव्हा खायचे. आता कोणी खात नाही.”

हे त्याने मला नंतर सांगितलं. मी काही बोलले नाही. नवीन घर बसत होतं, त्यात माझी जीभ कशाला घालायची, असं वाटलं. पण जिभेनेच घात केला. मला ते आवडतं आणि त्यालाही आवडतं. तनुजा बुधवारी हिंजवडीच्या ऑफिसला जाते, नऊच्या आत घरी येत नाही. आमचा गुरुवार असा बुधवारी आला. महिन्यातून दोनदा प्रज्ञेश आदल्या दिवशी कॅम्पातल्या बाजारातून खिमा आणून फ्रीजरमध्ये ठेवायचा. बुधवारी तो साडेसहाला घरी आला की मी कढई चढवायची. खिडकी लावून घ्यायची, कारण शेजारच्या सुनीतीताईंचं आणि तनुजाचं चांगलं जमतं. आठला सगळं धुऊन-पुसून मोकळं. सत्तरीतली म्हातारी आणि तिशीतला नातू, दोघं चोरासारखे जेवायचो आणि हसायचो. मला त्यात गंमत वाटत होती, हे मी नाकारत नाही.

तनुजाला घर नीट लावायची आवड आहे. तिने फ्रीजमधल्या डब्यांना चिकटवायला कोऱ्या चिठ्ठ्यांचं पाकीट आणलं आणि एक काळं पेन. म्हणाली, “आजी, तुमचं अक्षर सुंदर आहे. तुम्हीच लिहायचं.” पन्नाशीला आल्यावर मी विहारातल्या वर्गात लिहायला शिकले, म्हणून अजून एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत येतं. मी लिहिलं, ओलं खोबरं. मटार. आलं-लसूण. आणि ज्या डब्यात आमचा खिमा होता त्याच्यावर लिहिलं, मटण खिमा.

तोंडाने मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन. घरमालकिणीपुढे तर दर आठवड्याला. पण लिहून खोटं बोलण्याची ती पहिली वेळ होती. लिहून झाल्यावर मी तो डबा सगळ्यात मागे सरकवला.

मागच्या महिन्यातल्या एका बुधवारी चारला मी तो डबा बाहेर काढला आणि पाण्याच्या भांड्यात ठेवला. सहाला दार वाजलं. प्रज्ञेश लवकर आला, असं मला वाटलं. दारात तनुजा होती.

“कॉल कॅन्सल झाला आजी! सगळ्यांना लवकर सोडलं,” ती चपला काढता काढता म्हणाली. “बसमध्ये बसायला जागा मिळाली, विचार करा. आज मी स्वयंपाक करणार.”

“तू दमली असशील. मी पिठलं टाकते.”

“पिठलं नको हो. सकाळपासून एक रील डोक्यात बसलीय.” तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. कोणी परदेशी बाई भल्यामोठ्या कढईत खिमा आणि भाज्या परतत होती. झर्रकन मिरची, झर्रकन गाजर. “वीस मिनिटांत डिनर! असं आपल्याकडे कोणी करतच नाही.”

मी बघत राहिले. तो माझा खिमा होता. त्या बाईला कोणाच्या आरतीची वेळ गाठायची होती कोण जाणे.

तेवढ्यात तनुजाने ओट्यावरचा डबा पाहिला आणि चिठ्ठी वाचली. “अय्या! तुम्ही आधीच काढून ठेवलाय? आजी, तुम्हाला स्वप्न पडलं का काय?”

मी गॅलरीत जाऊन प्रज्ञेशला फोन लावला.

“अरे, तनुजा आलीये. डबा तिच्या हातात आहे.”

“कुठला डबा?”

“दुसरा कुठला असणार?”

मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग तो म्हणाला, “वर काय लिहिलंयस?”

“मटण.”

“मग झालं तर! करू दे तिला. खाऊ दे.”

“खाऊ दे?”

“चवीत काय कळतंय आजी. एवढ्या मसाल्यात मलाही कळणार नाही. तू फक्त बोलू नकोस. आत्ता बोललीस तर ती उठून लोणीला जाईल. तिच्या वडिलांना तेवढंच हवंय. मी पुलावर अडकलोय, चाळीस मिनिटांत पोचतो.” मग हळू आवाजात, “आजी, प्लीज.”

मी आत आले. तनुजाने बाह्या वर केल्या होत्या. खिम्याला हळद आणि आलं-लसूण लावून ती दोन्ही हातांनी कालवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तुम्ही भाज्या चिरा. तुमच्यासारखं चिरणं कोणाला जमत नाही.”

ती प्रेमाने म्हणाली होती. पण ‘तुम्ही चिरा’ हे शब्द मी अठ्ठावीस वर्षं ऐकले आहेत.

हडपसरच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी कामाला होते. रोज दोनशे माणसांची भाजी मी चिरायची. कांदे, बटाटे, कोबी, पोती सोडायची आणि चिरून ढीग लावायचा. गॅसजवळ मात्र जायचं नाही. तसा नियम कुठे लावलेला नव्हता. मी ओट्याकडे वळले की कोणीतरी म्हणायचं, “कांताबाई, तुम्ही चिरायचं बघा.” एकदा आचारी आलाच नाही आणि त्याचा मदतनीसही आला नाही. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. मी मटकीची उसळ केली. माणसं दोनदा-दोनदा वाढून घेत होती. एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, आज आचाऱ्याला काय झालंय, चक्क चव आलीये. संध्याकाळी कोणीतरी विचारलं, कोणी केली होती. कोणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सात-आठ जण घरून डबा घेऊन आले. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, “उसळ उत्तम होती. पण तुम्ही चिरायचंच बघा.”

त्या उसळीत काहीही बदललेलं नव्हतं. पोटात गेलेली, पचलेली उसळ संध्याकाळी वाईट ठरली. त्याचा राग माझ्या मनात कितीतरी वर्षं होता. आता गाजर चिरताना तोच राग प्रज्ञेशच्या बाजूने बोलायला लागला. खाऊ दे की! तिलाही कळू दे, जिभेला जात कळत नाही. आवडीने खाईल, बोटं चाटेल. तिला कळणारसुद्धा नाही आणि तिच्या लोणीच्या वडिलांना तर नाहीच नाही. मला वाटलं, एका बाईने तरी न कळता माझ्या घरचं खावं.

मी सुरी थांबवली. मला माझीच भीती वाटली.

कॅन्टीनमध्ये मी कोणाला फसवलं नव्हतं. ते काय खात होते ते त्यांना दिसत होतं, मटकीच होती ती. करणारे हात कोणाचे, एवढंच त्यांना खुपलं, आणि तो दोष त्यांचा. इथे तसं नव्हतं. ह्या पोरीने स्पष्ट विचारलं होतं आणि तिला खोटं सांगितलं होतं. ते खोटं माझ्या हाताने लिहून डब्यावर चिकटवलेलं होतं. तिने ते वाचून विश्वास ठेवला होता.

“आजी, आज हात चालत नाहीत का? रीलमधली बाई केव्हाच जेवून उठली असेल.”

“चालतायत.”

मी मुद्दाम हळू चिरत होते. प्रज्ञेश येईल आणि त्याचं तो निस्तरेल, अशी आशा होती. कढई तापली. लसूण पडला, मिरचीचा ठसका उठला, दोघी खोकलो. खिमा पडला आणि चर्र आवाज झाला. तनुजा झाऱ्याने परतत होती, चुकीचं, फार हलवत होती. पाणी सुटलं, आटलं. भाज्यांचं ताट माझ्यापुढे भरलेलं होतं. तिने गॅस कमी केला, चमचाभर खिमा तळहातावर घेतला आणि फुंकर मारली. मीठ बघायला.

“थांब,” मी म्हणाले. “ते खाऊ नकोस.”

“का? कच्चं आहे?”

“ते लहान्याचं नाही. मोठ्याचं आहे.”

तिने हात तसाच धरून ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. मी सवयीने उठले आणि स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले. हात कडीवर होता तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“खिडकी का लावताय?”

मी कडीवरचा हात खाली घेतला.

“दर बुधवारी लावता?” ती म्हणाली. “मी विचार करायची, बुधवारी घरी आलं की एवढ्या उदबत्त्या कशाच्या.”

“बुधवारपुरतं कुठलं! पन्नास वर्षं लावतेय.”

तिने तळहातावरचा खिमा कढईत टाकला, गॅस बंद केला आणि नळाखाली हात धरले. साबण लावून धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले, नखांतली हळद काढली. मी बघत उभी होते. ते मला लागलं. ती धुणार हे माहीत होतं, तिने धुवावे हेही बरोबरच होतं, तरी लागलं.

“ही चिठ्ठी तुम्ही लिहिलीत,” ती हात पुसत म्हणाली.

“हो.”

“प्रज्ञेशला माहितीये?”

“तोच आणतो. पण लिहिलं मी. त्याने काही मला लिहायला सांगितलं नव्हतं.”

“छान. म्हणजे मी बुधवारी ऑफिसला जाते आणि घरात सण असतो.” तिचे डोळे भरले होते पण आवाज चढला नव्हता. “मी तुम्हाला कधी म्हटलं होतं, तुम्ही खाऊ नका म्हणून? मी एवढंच विचारलं होतं की खातात का. हो म्हटलं असतं तर मी विचार केला असता. नाही म्हटलं असतं तर नाही. तो विचार माझा होता आजी. तो पण तुम्ही दोघांनी खाल्लात.”

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिची बॅग कपाटाच्या वरच्या खणात असते. मी खुर्चीवर बसले. खिडकी उघडीच राहिली होती. पलीकडून सुनीतीताईंच्या टीव्हीचा आवाज येत होता, आमच्या खिम्याचा वास तिकडे जात असणार. जाऊ दे म्हटलं.

मग उठले. हातपाय गाळून बसायची मला सवय नाही. पोरगी सकाळी आठची घराबाहेर पडली होती आणि जेवायच्या वेळेला उपाशी होती. चिरलेल्या भाज्या अजून कशालाही लागलेल्या नव्हत्या. मी दोन भाग केले. तिच्या आईने दिलेला तवा काढला, तो आम्ही बुधवारी कधीच वापरला नव्हता. त्यात तेल, लसूण, मिरची, थोडा काळा मसाला, आणि अर्ध्या भाज्या. कचकचीत राहिल्या तेव्हा उतरवल्या. दोन भाकऱ्या थापल्या.

मग दुसऱ्या शेगडीवरचा खिमा उरला. त्यात बाकीच्या भाज्या घातल्या, पाण्याचा हबका मारला आणि नेहमीसारखी आच मोठी करायला हात गेला. तिथेच थांबले. आता कशाची घाई होती? कोण यायचं राहिलं होतं? मी आच बारीक केली आणि कढईवर ताट झाकलं. खिम्यावर झाकण मी आयुष्यात पहिल्यांदा ठेवलं.

प्रज्ञेश आला तो धापा टाकत. लिफ्टची वाट न बघता जिना चढला असावा. आत येऊन त्याने आधी वास घेतला, मग माझा चेहरा पाहिला.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“आजी! मी तुला काय म्हटलं होतं?”

“माझ्या हाताने तिला फसवून खाऊ घाल म्हणालास. ऐकलं मी ते. आपल्या जातीतल्या बाईला कोणी असं केलं असतं तर तू केवढा तमाशा केला असतास ते पण मला माहितीये. जा आत.”

तो दारापाशी जाऊन उभा राहिला. “तनू.” त्याने दार वाजवलं. “तनू, मी घाबरलो होतो गं. तू नाही म्हणशील असं वाटलं.”

“म्हणून विचारलंच नाहीस,” आतून आवाज आला. “हुशार आहेस.”

“बॅग भरतेयस?”

“भरली होती. आता परत काढतेय. ड्रेस चुरगळतायत.”

तो दाराला कपाळ टेकून उभा राहिला. मी आमच्या दोघांसाठी टाकलेली भाकरी उलटली.

नऊच्या सुमाराला ती बाहेर आली. चेहरा धुतलेला होता. टेबलाशी बसली. मी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाले, “हे वेगळं केलंय. तुझ्या आईच्या तव्यात. चमचाही वेगळा.” तिने ताटाकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं आणि भाकरी मोडली. पहिला घास चावायला तिला वेळ लागला. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं. या वेळी कोणी केलं, कशात केलं, ते आधी सांगितलेलं होतं, आणि ती खात होती.

आम्ही दोघांनी तिच्यासमोरच आमचा खिमा वाढून घेतला. प्रज्ञेशला घास जाईना. ती म्हणाली, “खा. माझ्या पाठीमागे बरा जातो घशाखाली.” मग त्याने खाल्लं. झाकण ठेवल्याने खिमा मऊ झाला होता आणि भाज्या गळून गेल्या होत्या. खरं सांगायचं तर घाईचा जास्त चांगला होतो.

जेवताना ती एवढंच बोलली. “मी खाणार नाही. आज नाही, उद्या नाही. फ्रीजचा खालचा कप्पा त्याला, बाकी कशाला लागायला नको. माझ्या आईला सांगायचं की नाही, ते मी ठरवीन. ते तुम्ही ठरवायचं नाही. आणि तू,” प्रज्ञेशला, “महिनाभर भांडी तुझी. दोन्हीकडची.”

खालचा कप्पा म्हटल्यावर मला बिबवेवाडीची खोली आठवली, कॅन्टीनचा ओटा आठवला. वेगळं काढून ठेवलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे. पण ह्या वेळी विचारून, तोंडावर सांगून, एकाच टेबलाशी बसून वेगळं काढलं होतं. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. वेगळं आहे असंही त्या रात्री मला पूर्णपणे वाटलं नव्हतं. थोडं थोडं वाटतंय.

हात धुऊन ती चिठ्ठ्यांचं पाकीट आणि काळं पेन घेऊन आली. उरलेला खिमा मी त्याच डब्यात भरला होता. तिने जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. अर्धी निघाली, अर्धी चिकटून राहिली.

“आजी, लिहा.”

मी चष्मा लावला. पेन धरलं. एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं : मोठ्याचा खिमा. तिने ते वाचलं, डब्यावर चिकटवलं, अंगठ्याने कडा दाबल्या आणि डबा माझ्या हातात दिला. खालच्या कप्प्यात तो मी ठेवला.